धुण्याच्या दगडापर्यंत

नगरला खोलीवर आम्ही चौघे विद्यार्थी पाळीपाळीने स्वयंपाक करतो. माझ्या पाळीला भाकऱ्या चांगल्या होतात, असं बाकीचे तिघे म्हणतात. आमटीत मीठ मात्र मी घालत नाही, दुसऱ्या कुणाला तरी घालायला सांगतो. सुरुवातीला त्यांनी चेष्टा केली. "मिठाशी भांडण झालंय का रे तुझं?" असं एकाने विचारलं. मी हसून वेळ मारून नेली. कारण सांगायचं तर बरंच मागे जावं लागलं असतं, आणि ते मला बोलून सांगता आलं नसतं. लिहून जमतं का, पाहतो.

आमचं गाव पारनेर तालुक्यात. वडील गवंडी होते, विहिरींची बांधकामं करायचे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. घरात मी थोरला, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान बहीण, आणि नुकता पाय टाकायला लागलेला धाकटा भाऊ. लढाई चालू होती. रॉकेल मिळत नसे, म्हणून दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. एवढंच काय ते लढाईचं आमच्यापर्यंत आलं होतं.

आईला आधी खोकला आला, मग रोज संध्याकाळी ताप येऊ लागला. एके दिवशी भांडी घासताना तिने राखेत थुंकलं आणि ती राख पटकन हाताने झाकली. मी ते पाहिलं होतं. आबा तिला नगरच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी क्षय सांगितला. त्यावर तेव्हा असं औषध नव्हतंच. मोकळी हवा, दूध, अंडी, विश्रांती, आणि मुलांना जवळ येऊ द्यायचं नाही, एवढं त्यांनी सांगितलं.

दूध आणि अंडी जमतील तशी जमली. विश्रांतीचं तसंच. पण मुलांना जवळ येऊ द्यायचं नाही, हे आबांनी अगदी ओळंब्याने भिंत पाहावी तसं पाळलं. अंगणाच्या पलीकडच्या टोकाला शेळ्यांचं छप्पर होतं. शेळ्या शेजारी दिल्या, छप्पर शेणाने सारवून घेतलं आणि आईची बाज तिथे टाकली. घर आणि छप्पर यांच्या मधोमध एक काळा, रुंद धुण्याचा दगड होता. आबा त्यावर पाय ठेवून म्हणाले, "ह्या दगडाच्या पल्याड पोरांनी जायचं न्हाई. आन् तूबी अल्याड यायचं न्हाई."

आई म्हणाली, "बरं."

मला आणि बहिणीला ते समजलं. धाकट्याला समजण्यासारखं नव्हतं. तो अजून अंगावर पीत होता. दिवसातून कितीदा तरी तो उंबरा ओलांडून रांगत, पडत त्या छपराकडे निघायचा. शेवटी आबांनी आईच्याच जुन्या लुगड्याची एक मऊ पट्टी फाडली, तिचं एक टोक त्याच्या कमरेला आणि दुसरं दाराच्या चौकटीला बांधलं. पट्टी पुरेल तिथपर्यंत तो जायचा, ती ताणून उभा राहायचा आणि छपराकडे बघत रडायचा. आई बाजेवर भिंतीकडे तोंड करून निजायची.

पहिल्यांदा आत्या आली होती. तिने काही दिवस घर सांभाळलं. पण तिचंही घर होतं, म्हैस होती, सासू होती. निघताना ती दारात उभी राहून आबांशी बोलली. आवाज काही खाली घेतला नाही.

"दादा, आता दुसरी बघ. ही काय उठत न्हाई."

आबा म्हणाले, "चूल चालली तर कशाला बघू?"

"कोन चालवंल? ह्यो?" आत्याने माझ्याकडे हनुवटी उडवली.

छपरातून आईचा आवाज आला. "व्हय, त्योच चालवंल. म्या सांगते त्याला."

"तू तिकडनं सांगनार?"

"तोंड हाय न्हवं मला अजून?"

आबांनी पागोटं चाचपलं. मग म्हणाले, "बघू. चालली तर चालली."

माझं वय लहान होतं, तरी त्या बोलण्यातून एक गोष्ट मला स्वच्छ कळली. चूल चालली तर आई आमची राहील. नाही चालली तर त्या घरात दुसरी कुणी येईल. मी गावातली चौथी झालो होतो, पुढे तालुक्याला पाठवायचं बोलणं चाललं होतं. ते बोलणं आपोआप बंद झालं. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आईने मला शिकवायला घेतलं. तिला चूल दिसत नव्हती. चूल घरात, ती अंगणापार. पण तिला सगळं ऐकू यायचं. मी काठवटीत भाकरी थापायला बसलो की ती तिकडून ओरडायची, "थाप वली पडतीय. पानी जास्त झालं. कोरडं पीठ लाव." किंवा, "मळलंच न्हाई तू. असा फटफट आवाज न्हाई येत. अजून मळ, तळव्यानं मळ." फोडणी टाकली की, "आरं, मव्हरी तडतडू दे की! तुला कुनी हाकाललंय का?" लसूण करपला तर वासावरून कळायचं. त्यावर ती ओरडत नसे. नुसती म्हणायची, "जाऊ दे. पुढल्या खेपंला लवकर हालव."

पहिल्या भाकऱ्या भाकऱ्या नव्हत्याच. त्या तव्यावर टाकताना मोडायच्या, मग मी तुकडे जोडायचो. आबा ते तुकडे दुधाशिवाय, कालवणाशिवाय, मान खाली घालून खायचे. बाजरीचं पीठ शिळं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापली जात नाही, तेव्हा थोडं पाणी उकळून त्यात पीठ मळायचं, हे मला आईने सांगितलं. कढत पाण्याने माझे हात भाजले. ते मी तिला सांगितलं नाही, पण तिने ओळखलं असावं, कारण थापांमध्ये खंड पडला होता. "फुंकर मार," ती म्हणाली, "आन् खोबऱ्याचं त्याल लाव. ती शिशी फळीवर, डाव्या अंगाला हाय." शिशी तिथेच होती.

मुलगा भाकऱ्या थापतो ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. पलीकडच्या घरातले काका दाराशी येऊन मला मुद्दाम विचारायचे, "काय वहिनी, झाल्या का भाकऱ्या? आमाला बोलवा की जेवायला." त्यांच्यामागे दोन-चार जण हसायचे. माझे कान तापायचे. एकदा आईनेच छपरातून उत्तर दिलं.

"भावजी, तुमच्या घरच्या वहिनीची भाकरी रोज करपती. वास हितवर येतो. तिला धाडा हिकडं, माझा ल्योक शिकवंल तिला."

सगळी माणसं काकांना हसायला लागली. काकूही आपल्या दारातून हसली आणि म्हणाली, "खरं हाय बाई, धाडाच मला." त्यानंतर काकांनी मला वहिनी म्हटलं नाही. उलट काकू आमचं दळण आपल्या दळणाबरोबर दळून द्यायला लागली.

आणखी एक दिवस मला आठवतो, तो सांगितल्याशिवाय पुढे जावंसं वाटत नाही. थंडी होती. आई म्हणाली, आज शेंगोळे करू. हुलग्याचं पीठ होतं. त्यात लसूण, मिरची, जिरं वाटून घालायचं, घट्ट मळायचं, आणि हातावर वळून त्याची कडी करायची. मग ती उकळत्या, झणझणीत पाण्यात सोडायची. आईने आम्हाला पीठ घेऊन अंगणात, दगडाच्या अलीकडे बसायला सांगितलं, म्हणजे तिला दिसलं असतं. ती बाजेवर उठून बसली. अंगावर घोंगडी. आम्ही वळायला लागलो. बहिणीची कडी बांगडीएवढी मोठी झाली. आई म्हणाली, "ही काय शेंगोळी हाय का म्हशीचं कडं?" बहीण एवढी हसली की पीठ तिच्या फ्रॉकवर सांडलं. धाकट्याला पिठाचा गोळा दिला, तो त्याने सगळा गालाला फासला. आईला हसता हसता खोकला आला, ती तोंडाला पदर लावून वळली, आणि परत आमच्याकडे तोंड केलं तेव्हा पुन्हा हसत होती. त्या दिवशी धाकट्याची पट्टी ताणलेली नव्हती. सगळे तिथेच होते, म्हणून असेल.

चूल चालली होती. आत्याने निरोप पाठवून विचारलं, तेव्हा आबांनी "चाललंय बरं" असं कळवलं. आईने ते ऐकलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मला वाटलं, जमलं.

आता मिठाचं सांगतो.

आमटी झाली की चव बघायला आईकडे जायची, असा आमचा रिवाज पडला होता. बहीण एका वाटीत थोडी आमटी घेऊन धुण्याच्या दगडावर ठेवायची आणि मागे सरायची. मग आई येऊन ती वाटी उचलायची. वाटी तिचीच, वेगळी ठेवलेली. घोट घेऊन ती तिकडूनच सांगायची, मीठ कमी, तिखट बरोबर, अजून एक उकळी येऊ दे. पहिले काही महिने तिचं बरोबर असायचं. तिने सांगितल्यावर आमटी खरोखर आमटीसारखी लागायची.

मग हळूहळू ती रोजच मीठ कमी म्हणायला लागली. मी खडा टाकायचो. बहीण पुन्हा वाटी न्यायची. आई म्हणायची, "आरं, आळनीच हाय अजून. टाकलंस का न्हाई?" मी आणखी टाकायचो. तापाने तिच्या जिभेची चव गेली होती. हे आज कळतं. तेव्हा मला वाटायचं, माझंच काही चुकतं.

एका दुपारी मी आबांना ताट वाढलं. त्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले. मी म्हणालो, "आबा, खारट झालंय ना? पण आई म्हनती कमी हाय."

आबांनी तो घास गिळला. छपराकडे पाहिलं. मग खूप हळू म्हणाले, "ती म्हनंल तसंच टाकायचं. आन् तिला सांगायचं न्हाई. कळलं का?"

"व्हय."

"तिला एवढंच राहिलंय, बाबा."

आणि त्यांनी ताटातली आमटी संपवली. वरून तांब्याभर पाणी प्यायले. त्या दिवसापासून आम्ही सगळे तसंच जेवायला लागलो. आबा, मी, बहीण. आमटी थोडी, भाकरी जास्त, पाणी पुष्कळ. बहिणीने एकदा तोंड वाकडं केलं, तर आबांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं. तिने पुन्हा केलं नाही. जेवण झाल्यावर आई विचारायची, "कशी झाली हुती रं?" आम्ही तिघेही म्हणायचो, "चांगली झाली." ती बाजेवर समाधानाने आडवी व्हायची.

आबांना आईचा मान ठेवायचा होता. त्यांच्याकडे ठेवायला दुसरं काही नव्हतं. मी पुष्कळदा विचार केला की जास्तीचं मीठ टाकायच्या आधीच अर्धी आमटी काढून ठेवता आली असती. पण आमच्या घरात एका चुलीवर दोन चवी कधी झाल्या नव्हत्या, आणि ते कुणाला सुचलं नाही.

धाकट्याला मान राखणं समजत नव्हतं. तो आमटीत बुडवलेला घास थुंकायचा. मग आम्ही त्याला पाण्यात भिजवलेली भाकरी भरवायला लागलो. तीही तो दोन घासांवर सोडायचा. त्याचे दंड बारीक झाले. पट्टी कमरेला सैल पडायला लागली, आबांनी ती आणखी आवळून बांधली. आई लांबून विचारायची, "बाळ वाळल्यासारखं का दिसतंय?" बहीण म्हणायची, "दात येत्यात त्याला."

उन्हाळ्याच्या तोंडाला आत्या आली. अचानकच आली, आणि उन्हातून आली होती, म्हणून मी लगेच ताट वाढलं. बाजरीची भाकरी आणि मटकीची आमटी. भाकरी बघून ती म्हणाली, "अगं बाई! ही तू थापलीस? माझ्या जावंला न्हाई येत अशी." मला खूप बरं वाटलं. मग तिने घास घेतला.

तिने तो ताटातच थुंकला.

"आरं, काय हे! मिठागरात शिजवलीस का काय? हे खाता तुमी? हे पोराला घालता?" तिने धाकट्याला उचललं, त्याचा दंड दोन बोटांत धरून पाहिला, आणि तिचा आवाज आणखी चढला. "म्हनून वाळलंय लेकरू! दादा, डोळं फुटलं का तुझं? कोन टाकायला सांगतं एवढं मीठ?"

आबा उठून तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "हळू बोल." पण हळू बोलण्याची वेळ गेली होती. जिला चुलीवरची मोहरी ऐकू यायची, तिला हे ऐकू आलंच होतं.

छपरातून काही आवाज आला नाही. मग आईने मला हाक मारली. मी दगडापर्यंत गेलो. ती बाजेवर बसली होती, दोन्ही हात मांडीवर.

"खारट हुतंय व्हय रं?"

मी खाली दगडाकडे बघितलं.

"खरं सांग मला."

"व्हय."

"कवापासनं?"

"लई दिस झालं."

"आन् तुमी खात हुता?"

"आबा म्हनले, आई सांगंल तसंच टाक."

ती हसली असं मला क्षणभर वाटलं. तोंड तसं झालं होतं. मग म्हणाली, "जा, जेव जा." आणि थोड्या वेळाने पुन्हा हाक मारून म्हणाली, "त्यातलं जेवू नगं. काकूकडनं दही माग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पीठ मळलं आणि थापायला लागलो. थाप मुद्दाम चुकवून पाहिली. ती काही बोलली नाही. दुपारी तिने आबांना दगडापाशी बोलावलं. आम्ही दारात होतो.

"वन्संला सांगा, बाई बघा म्हनावं," ती म्हणाली. "पोरांची तोंडं करपवली म्या."

आबा म्हणाले, "आता समजलंय ना? आता मीठ त्योच टाकंल. चालंल की."

"न्हाई. आज मीठ, उद्या काय आसंल कुनाला ठावं. आन् त्याला साळंत घाला. भाकऱ्या थापत बसंल का जल्मभर?"

आबा दगडावर बसले. ज्याच्या हातच्या विहिरी अजून भक्कम आहेत, त्या माणसाला मी तसं बसलेलं पूर्वी पाहिलं नव्हतं.

आत्याने अकोले तालुक्यातल्या डोंगराकडची एक विधवा शोधली. गाजावाजा न करता आबांचा तिच्याशी पाट लागला आणि ती आमच्या घरी आली. आम्ही तिला मावशी म्हणायचं, असं ठरलं. ती वाईट नव्हती, हे मला लिहिलंच पाहिजे. ती घाबरलेली होती. तिच्या डोंगराकडे भात आणि नागलीच पिकायची. बाजरीची भाकरी तिच्या हातून जाड आणि वाकडी व्हायची. पहिल्या दिवशी ती काठवटीत थापायला बसली, तेव्हा थाप इतकी वेडीवाकडी पडत होती की बहीण आणि मी दोघेही न ठरवता छपराकडे बघायला लागलो. आता ओरडेल. पाणी जास्त झालं म्हणेल. आई भिंतीकडे तोंड करून निजली होती.

आईला चव दाखवायचा आमचा रिवाज मावशीला कसा कळला कोण जाणे. तिने आमटी केली आणि मला विचारलं, "तुमच्या आईला चव दाखवत हुता ना? न्या की." बहिणीने वाटी भरून दगडावर ठेवली. आईने ती उचलली नाही. संध्याकाळी वाटी तशीच होती. त्यात मुंग्या झाल्या होत्या. मावशीने ती स्वतः उचलली, धुतली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवली. असं तिने बरेच दिवस केलं.

धाकटा मात्र मावशीच्या हातचं खायला लागला. ती त्याला मऊ भात करून द्यायची, मांडीवर घेऊन, नागलीची पेज चिमूटभर मीठ टाकून पाजायची. त्याचे गाल परत आले. मला तालुक्याच्या शाळेत घातलं. शनिवारी मी चालत घरी यायचो आणि दर शनिवारी तो आणखी थोडा गुबगुबीत झालेला असायचा. मावशीला तो 'आय' म्हणायला लागला. तिने त्याला शिकवलं नव्हतं, मी तसं विचारलं होतं.

एका शनिवारी मी आलो तर तो अंगणात मोकळा खेळत होता. कमरेला पट्टी नव्हती. चौकटीलाही नव्हती. तो दगडाच्या खूप अलीकडे माती उकरत होता, छपराकडे पाठ करून. मी त्याला "तिकडं कोन हाय?" असं विचारलं. त्याने वळून पाहिलं आणि परत माती उकरायला लागला.

मी दगडापर्यंत गेलो. आई उशाशी टेकून बसली होती. तिचा आवाज आता इतका बारीक झाला होता की मला पुढे वाकावं लागलं.

"सोडलं व्हय त्याला?" तिने विचारलं.

"व्हय."

"कवा?"

"ठावं न्हाई. म्या आत्ताच आलो."

"जात न्हाई न्हवं कुठं?"

"न्हाई. हितंच खेळतोय."

"मंग बरं," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आज काय केलंय घरात?"

वारा तिच्याकडेच होता. घरात लसणाची फोडणी नुकतीच पडली होती, तिचा वास माझ्या नाकात होता. मी सांगितलं, "आमटी."

पावसाळा सरायच्या आधी ती गेली. मी तेव्हा शाळेत होतो. छपरात आता पुन्हा शेळ्या आहेत. धाकटा त्या राखतो आणि चरून आल्या की आत बांधतो. त्याला त्या छपराचं काही आठवत नाही. मी एकदा सांगायला सुरुवात केली होती. तो थोडा वेळ ऐकत राहिला, मग शेळी दावं तोडून पळाली म्हणून उठून गेला.